लेकराचे नाव कार्डावर चढले का? सोलापुरातील कुटुंबांनी सरकारी आरोग्य योजनेचा लाभ कसा घ्यावा

गेल्या पावसाळ्यात एका रुग्णालयात योजनेच्या खिडकीसमोर रांगेत उभा होतो. माझ्या पुढे पूर्व भागातल्या एक आजी होत्या. बोटांना तेंदूपानाचा रंग चढलेला, काखेत कॅरीबॅगेत गुंडाळलेली फाईल, आणि आत वॉर्डात दीड महिन्याचा नातू न्यूमोनियाने दाखल. आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या कामासाठी रुग्णालयात बसणाऱ्या मदतनिसाने, त्यांचे केशरी शिधापत्रिकेचे कार्ड उलटून पालटून पाहिले आणि विचारले, "मावशी, बाळाचं नाव कुठं आहे ह्याच्यावर?" आजी म्हणाल्या, "बारसं झालंय की साहेब, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे नाव." नाव गल्लीला ठाऊक होते, कार्डाला नव्हते. बाळाच्या आईचे नावही त्या कार्डावर नव्हते, ते अजून माहेरच्या कार्डावर होते. आणि बाळंतपण माहेरी, कर्नाटकातल्या इंडी तालुक्यात झाल्यामुळे जन्मदाखलाही तिकडेच राहिला होता. उपचार थांबले नाहीत, हे नशीब. पण बाळाच्या बापाने यंत्रमागावरचे तीन खाडे केले, सीमेपलीकडे जाऊन दाखला आणला, तेव्हा कुठे नोंदणी पुरी झाली.

हे मार्गदर्शन त्या तीन दिवसांसाठी लिहितो आहे. गरीब कुटुंबाच्या आणि विशेषतः लहान मुलांच्या उपचारासाठी आज शासनाकडे बऱ्यापैकी तरतूद आहे. ती मिळवताना कुटुंबे अडतात ती बहुतेक वेळा कागदावर, आणि तो कागद मूल आजारी पडण्यापूर्वी, शांतपणे, एखाद-दुसऱ्या सुट्टीच्या दिवशी तयार करून ठेवता येतो.

योजना नेमकी कोणती आणि किती

सोलापूरकरांना ही योजना नवी नाही. राज्याने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत सोलापूर होते. म्हणूनच आजही पेठांमधून आणि वस्त्यांमधून लोक तिला 'जीवनदायी' म्हणूनच ओळखतात. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात या दोन्ही योजना एकत्रित राबवल्या जातात. त्यामुळे 'जीवनदायी चालते की आयुष्मान' या वादात वेळ घालवू नये. रुग्णालयातील खिडकी एकच असते आणि आरोग्यमित्रही एकच असतो.

पूर्वी राज्याच्या योजनेत एका कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतच संरक्षण होते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते पाच लाखांपर्यंत वाढवले, योजनेतील उपचारांची संख्या १,३५६ केली, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख केली आणि पांढऱ्या कार्डाची कुटुंबेही योजनेत आणली. १ जुलै २०२४ पासून विस्तारित योजना अमलात आली. हे पाच लाख प्रत्येक माणसाचे नाहीत, ते संपूर्ण कुटुंबाचे मिळून एका वर्षाचे आहेत. म्हणजे त्याच वर्षी आजोबांच्या हृदयशस्त्रक्रियेला मोठी रक्कम खर्ची पडली असेल, तर नातवाच्या उपचाराला उरलेल्या रकमेतूनच मंजुरी मिळेल. मात्र कुटुंबात किती माणसे असावीत याची अट नाही, वयाची अट नाही, आणि आजार योजनेत येण्यापूर्वीपासूनचा असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. खासगी विम्यात जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळाला जे सहसा सहजी मिळत नाही, ते इथे मिळते. यासाठी कुटुंबाला एक पैसाही हप्ता भरावा लागत नाही.

आधी बाळाचे कागद

मुळाशी आहे जन्माची नोंद. ती जिथे जन्म झाला तिथेच होते. आईवडील कुठे राहतात याचा तिथे संबंध नसतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे आणि सोलापूरच्या कितीतरी सुनांचे माहेर विजयपूर, कलबुर्गी किंवा धाराशिवकडे आहे, त्यामुळे दाखला मागायला बाळाचे वडील सोलापूर महानगरपालिकेत जातात आणि नोंद असते भलत्याच गावी. तेव्हा बाळंतीण माहेराहून परतण्यापूर्वीच तिच्या भावाने किंवा वडिलांनी तिथल्या नोंदणी कार्यालयातून दाखल्याच्या दोन-तीन प्रती काढून फाईलीत घालून द्याव्यात. बाळंतविड्याबरोबर ही फाईलही सासरी यावी.

नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. रुग्णालयात जन्म झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते, पण कळवले का, आणि आईचे, वडिलांचे व आडनावाचे अक्षर बरोबर लिहिले का, हे सुट्टी होण्यापूर्वी स्वतः वाचून पाहावे. २१ दिवसांनंतर विलंब शुल्क लागते आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. नोंदीच्या वेळी बारसे झालेले नसते, म्हणून दाखल्यावर नावाचा रकाना बऱ्याचदा कोरा राहतो. तो बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क भरून घेता येतो; पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क देऊन. पुष्कळ पालक हे शाळेच्या प्रवेशापर्यंत लांबवतात. तसे करू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, आधार वगैरे कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, त्यामुळे हा कागद आता पूर्वीपेक्षा कितीतरी मोलाचा झाला आहे.

यानंतर शिधापत्रिका. राज्यात १९९९ पासून तीन रंगांची पद्धत आहे: वर्षाचे उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत असेल तर पिवळे, त्याहून अधिक पण एक लाखाच्या आत असेल तर केशरी, आणि त्यापुढे पांढरे. अंत्योदय आणि अन्नपूर्णा यांचे लाभार्थीही योजनेत आहेतच. ज्यांच्याकडे कोणतेच कार्ड नाही त्यांना अधिवासाचा पुरावा दाखवून पुढे जाता येते, परंतु कार्ड असणे केव्हाही सोयीचे.

सुनेचे नाव ही खरी मेख आहे. लग्न होऊन तीन-चार वर्षे झाली तरी मुलीचे नाव माहेरच्या कार्डावर राहते. तिथले धान्य तुटेल म्हणून कोणी ते काढत नाही आणि सासरी ते चढत नाही. एक माणूस दोन कार्डांवर राहू शकत नाही, म्हणून आधी माहेरच्या कार्डावरून नाव कमी करून त्याचा दाखला घ्यावा लागतो आणि मगच सासरच्या कार्डावर नाव वाढवण्याचा अर्ज करता येतो. शहरात हा अर्ज आपल्या परिमंडळाच्या पुरवठा कार्यालयात आणि ग्रामीण भागात तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत होतो. आई आणि बाळ दोघांची नावे एकाच अर्जात वाढवता येतील का, ते तिथे विचारावे, म्हणजे एक खेप वाचेल. नाव वाढले की नुसत्या छापील कार्डावर समाधान मानू नये. बारा अंकी ऑनलाइन क्रमांकावर कुटुंबातील सर्वांची नावे दिसतात का, हे रास्त भाव दुकानदाराच्या यंत्रावर किंवा महा-ई-सेवा केंद्रात पाहून घ्यावे, कारण रुग्णालयात नोंदणी होते ती ऑनलाइन नावावर.

एवढे सगळे होईपर्यंत बाळ आजारी पडले तर? त्याचीही सोय आहे, आणि ती माहीत नसल्याने पालक हताश होऊन खिडकीवरून परत फिरतात. कार्डावर नाव नसलेल्या लहान बाळासाठी जन्मदाखला, आई किंवा वडिलांबरोबर काढलेला बाळाचा फोटो, आणि ज्या कार्डावर त्या पालकाचे नाव आहे ते वैध कार्ड, एवढ्यावर नोंदणी करता येते. त्या आजींचे काम शेवटी याच मार्गाने झाले. म्हणून जन्मदाखला आणि बाळाला मांडीवर घेऊन काढलेला एक साधा फोटो फाईलीत ठेवावा.

बाळाचे आधार पाच वर्षांपर्यंत बोटांचे ठसे न घेता, आईच्या किंवा वडिलांच्या आधारशी जोडून मिळते. पाच आणि पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर ठसे अद्ययावत करावे लागतात. आयुष्मान कार्डही काढून ठेवावे. ते मोफत आहे आणि आशाताई, रास्त भाव दुकान, सेवा केंद्र किंवा अंगीकृत (म्हणजे योजनेत सामील असलेले) रुग्णालय यांपैकी कुठेही त्याची ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, होते. मोबाइलवरील आयुष्मान अ‍ॅपवरूनही ती करता येते.

इथे आपल्या शहराची एक खास अडचण सांगणे भाग आहे. वीस-तीस वर्षे विड्या वळलेल्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनवर अंगठा ठेवला की ते पुन्हा पुन्हा नाकारते आणि ती बाई ओशाळून आपलाच हात पदराला पुसत राहते. यात तिची काही चूक नाही. अंगठा उमटत नसेल तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने, डोळ्यांच्या तपासणीने किंवा चेहऱ्याच्या ओळखीने काम होते, आणि ते करून मागण्याचा तिला अधिकार आहे. त्यासाठी आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला असावा. मुलगा सिमकार्ड बदलतो आणि आईच्या आधारला जुना बंद क्रमांक राहतो, असे फार वेळा होते.

दुसरी अडचण नावांच्या अक्षरांची. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरे पुष्कळ. एकच आडनाव कार्डावर एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने आणि शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले असते. काना-मात्रेचा किरकोळ फरक चालून जातो, पण नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांचा क्रमच बदललेला असेल किंवा जन्मवर्ष जुळत नसेल तर प्रकरण अडते. सगळे कागद एकदा टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावेत आणि आधार प्रमाण मानून बाकीचे दुरुस्त करून घ्यावेत.

कोणत्या आजाराला कुठे जावे

ही योजना मुख्यतः दाखल होऊन करावयाच्या उपचारांची आणि शस्त्रक्रियांची आहे. सर्दी, ताप, जुलाब, लसीकरण यांसाठी नागरी आरोग्य केंद्र किंवा गावचे प्राथमिक आरोग्य केंद्रच योग्य, आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. सोलापूरचे 'सिव्हिल', म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे मात्र डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येते. तिथे केस पेपरचे नियम निराळे असू शकतात, हे लक्षात असावे.

बाळंतपण आणि नवजात बाळ यांच्यासाठी वेगळाच हक्क आहे. जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून नेणे-परत सोडणे हे सर्व मोफत आहे, आणि आजारी बाळाला ही सवलत आता वर्षाचे होईपर्यंत आहे. कमी वजनाचे किंवा कावीळ झालेले बाळ 'काचेच्या पेटीत' ठेवायला सांगितले की घाबरून थेट खासगीत धावण्याआधी शासकीय रुग्णालयातील नवजात शिशु अतिदक्षता कक्षात जागा आहे का, हे विचारावे. गाडीसाठी १०२, आणि जीव धोक्यात असेल तर १०८.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे पालकांचे फार दुर्लक्ष होते, याचे मला वाईट वाटते. २०१३ पासून सुरू असलेल्या या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. डॉक्टरांचे पथक गाडीने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळेत एकदा येते. दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडे पाय, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयातील छिद्र असे दोष त्यात शोधले जातात आणि पुढचे उपचार व शस्त्रक्रिया मोफत करून दिल्या जातात. ज्या दिवशी पथक येणार त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, आणि दूध पिताना धाप लागणे, रडताना ओठ निळे पडणे, वजन न वाढणे असे काही दिसत असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. पथक पुढे पाठवते तेव्हा जी चिठ्ठी मिळते ती जपून ठेवावी.

अंगीकृत रुग्णालय निवडताना नुसते 'योजना चालते का' असे विचारू नये, तर 'या आजाराला, या विभागात चालते का' असे विचारावे. एखादे रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी योजनेत असते आणि बालरोगासाठी नसते. काही उपचार तर केवळ शासकीय रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकांवर विचारले तर त्या त्या विभागासाठी जिल्ह्यात कोणती रुग्णालये आहेत ते सांगतात. आयुष्मान भारतची मदतवाहिनी १४५५५ आहे. केंद्राच्या योजनेत बसणाऱ्या कुटुंबाला राज्याबाहेरच्या अंगीकृत रुग्णालयातही लाभ मिळतो. हैदराबादला उपचारासाठी जाणाऱ्या आपल्याकडच्या घरांनी निघण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

रुग्णालयात पोहोचल्यावर

आधी आरोग्यमित्राला भेटा, बिलाच्या खिडकीला नंतर. कार्ड, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्यावर तो नोंदणी करतो, त्यानंतर रुग्णालय तपासणीचे अहवाल जोडून ऑनलाइन पूर्वमंजुरी मागते आणि मंजुरी आली की योजनेतून उपचार सुरू होतात. अपघात, झटके, श्वास अडकणे अशा वेळी मंजुरीची वाट पाहायची नसते. रुग्णालय योजनेला फोनवरून कळवून लगेच उपचार सुरू करू शकते आणि कागद मागाहून देता येतात. तसे असल्यास 'तातडीची नोंद करा' असे स्पष्ट शब्दांत सांगावे. 'नंतर बघू' म्हणून रोखीने दाखल झालेला रुग्ण पुढे योजनेत आणणे फार जिकिरीचे होते.

मंजूर उपचारात खाट, डॉक्टर, शुश्रूषा, तपासण्या, औषधे, शस्त्रक्रियेचे साहित्य, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एकवेळचे भाडे धरलेले असते. म्हणून त्याच उपचारासाठी बाहेरून औषध आणायला सांगितले किंवा अनामत मागितली, तर आधी आरोग्यमित्राला आणि मग मदतवाहिनीला कळवावे. भांडू नये, पण गप्पही बसू नये. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती मागावी, कारण पावती नसेल तर तक्रारीला आधार राहत नाही. फोनवर बोलल्याची तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवावा. त्यानेही सुटले नाही तर योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे आणि जिल्हा तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्यावा. मंजुरी नाकारली गेली असेल तर कारण विचारावे. पुष्कळदा एखादा अहवाल जोडायचा राहिलेला असतो आणि तो दिल्यावर प्रकरण पुन्हा पाठवता येते.

आजार योजनेत बसलाच नाही किंवा वर्षाची रक्कम संपली, तर धर्मादाय रुग्णालयाचा मार्ग उरतो. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवणे बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर उपचार मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर निम्म्या दराने होतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळे-केशरी कार्ड लागते, आणि रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना दाखल होण्याच्या वेळीच भेटावे लागते. पगाराच्या चिठ्ठीतून ईएसआय कापला जात असेल, म्हणजे महिना एकवीस हजारांपर्यंतच्या पगाराच्या गिरणी, टॉवेल किंवा गारमेंट कामगारांना, कामगार विमा योजनेतून बायकामुलांचेही उपचार होतात. कापलेली रक्कम चिठ्ठीवर दिसते, पण बायकोमुलांची नावे तिथे नोंदली आहेत का, हे कोणी पाहत नाही. तेही पाहावे.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड वाचून घ्यावे, मुलाचे नाव व निदान बरोबर आहे का ते पाहावे, आणि कोरा किंवा अर्धवट भरलेला कागद समोर आला तर भरून झाल्यावरच त्यावर सही किंवा अंगठा करावा. पुढच्या ठरावीक दिवसांची औषधे योजनेतूनच मिळतात, ती मागून घ्यावीत. फेरतपासणीची तारीख, कोणत्या विभागात आणि कोणत्या डॉक्टरांकडे यायचे, हे कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून घ्यावे, आणि ती सगळी फाईल जन्मदाखल्याच्या त्याच पिशवीत, घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेल्या जागी ठेवावी.